खंडेनवमीनंतर न उघडलेली वही

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, समीक्षानं दूध संस्थेचा कॉम्प्युटर सुरू केला, हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर दोनदा टिचकी मारली आणि रोजच्यासारखी पाण्याची बाटली भरायला गेली. ती परत येईपर्यंत पडद्यावर संस्थेचं नाव आलेलं असायचं. ‘जानाई सहकारी दूध उत्पादक संस्था’ एवढी एकच ओळ त्या यादीत असायची, आणि ती निवडली की एप्रिलपासूनचा सगळा कारभार समोर यायचा. आज यादी कोरी होती. उघडण्यासारखं काहीच सापडत नाही, असं सॉफ्टवेअरनं खाली मोठ्या नम्रपणे लिहिलं होतं.

समीक्षानं सॉफ्टवेअर बंद केलं, पुन्हा सुरू केलं. मग कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा सुरू केला. तिसऱ्या खेपेला भिंतीवरच्या बटणापासून सुरुवात केली. कोर्स केलेली माणसं काय आणि न केलेली काय, पहिला उपाय सगळ्यांचा हाच असतो. यादी कोरी ती कोरीच राहिली, आणि तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

कॅलेंडरकडं बघायला कारण होतं. पलूसजवळच्या या गावात ती दोन वर्षं हंगामी म्हणून काम करत होती. सोमवारी, कोजागरीला, संध्याकाळी पाच वाजता संचालकांची मीटिंग होती. एकेचाळीस वर्षं संस्थेची वही लिहिणारे केरबा अण्णा त्या मीटिंगमध्ये निवृत्त व्हायचे होते, आणि त्यांच्या जागी समीक्षाला कायम करायचं की नाही, हे ठरायचं होतं. समीक्षा आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिच्या घरात आजवर कुणी खुर्चीत बसून काम केलेलं नव्हतं. तिला साताऱ्याला सहा महिन्यांच्या कोर्सला पाठवायला आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, आठ मेंढ्या विकल्या होत्या, आणि त्या आठही तिला अजून चेहऱ्यानिशी आठवत होत्या. ही नोकरी गेली असती तर आबा तिला एका शब्दानं बोलले नसते, आणि तेच तिला सोसलं नसतं.

बरं, दोष ढकलायचा तर दुसरं कुणी समोर नव्हतं. एप्रिलपासून हाताची वही बंद करा, असा हट्ट तिनंच धरला होता. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची म्हणजे दोन ठिकाणी चुकायची, असं तिनं चेअरमनना पटवून दिलं होतं. अण्णांनी शेवटच्या पानावर तांबड्या शाईची दुहेरी रेघ ओढली, वही मिटली आणि विचारलं, “मग आता वही कुठं हाय म्हनायची?” तिनं त्यांना कॉम्प्युटरमधला फोल्डर दाखवला. त्याचं नाव होतं १०००१. अण्णांना ते मुळीच आवडलं नाही. “वहीला नाव न्हाई? नुसता आकडा? आगं, तुरुंगातल्या मान्साला असतुया तसा?” समीक्षा हसली होती. सॉफ्टवेअरला आकडाच लागतो, असंही तिनं सांगितलं होतं, पण अण्णा तोवर चष्मा पुसायला लागले होते.

आता तोच फोल्डर शोधायला ती आत शिरली. आत काय काय होतं म्हणता! संस्थेत ज्याला जिथं जागा दिसेल तिथं तो आपलं बिऱ्हाड टाकायचा. ‘चेअरमन फोटो’ होता, ‘वार्षिक सभा’ होती, ‘सिद्धू लग्नपत्रिका’ होती, ‘॥ श्री ॥’ होता, ‘जुनं नको’ होतं. फक्त १०००१ नव्हता. ‘॥ श्री ॥’वर बाण आला तेव्हा तिचा हात आपसूक छातीला लागला, मनातल्या मनात नमस्कार झाला आणि ती पुढं गेली. खंडेनवमीच्या पूजेसाठी अण्णांनी देवांचे फोटो मागितले होते, त्यांचाच तो फोल्डर असणार. आकडा घालून तिनं सगळा कॉम्प्युटर धुंडाळला. सापडला नाही.

तिचा दुसरा आधार होता पेन ड्राइव्ह. दर शनिवारी ती सगळा हिशेब त्याच्यावर उतरवून घ्यायची. पण त्या पेन ड्राइव्हचं काय झालं होतं, हे तिला एकटीलाच माहीत होतं, आणि ते कुणाला सांगायची तिची छाती होत नव्हती.

झालं होतं असं. या संस्थेत खंडेनवमीला पितळेची मोठी परात मांडतात आणि ज्यानं त्यानं आपलं हत्यार त्यात ठेवायचं असतं. गाडीवाल्यानं पाना ठेवला, फॅट तपासणाऱ्या सिद्धूनं काचेची नळी ठेवली, अण्णांनी खिशातलं पेन काढून ठेवलं. समीक्षाकडं सगळे बघायला लागले. कॉम्प्युटर काही परातीत बसणारा नव्हता. म्हणून तिनं मोठ्या भक्तीनं पेन ड्राइव्ह ठेवला. गेल्या वर्षी ती सणाला गावी होती, त्यामुळं पुढचा प्रकार तिला ठाऊक नव्हता. दूध संस्थाच ती, तिथं नुसत्या हळदीकुंकवावर कसं भागेल? चेअरमन इंद्रजितदादांनी सकाळच्या पहिल्या कॅनमधलं तांब्याभर दूध घेतलं आणि सगळ्या परातीवर सावकाश धार धरली. समीक्षाच्या डोळ्यांदेखत तिचा पेन ड्राइव्ह दुधात बुडाला. आरती संपल्यावर तिनं तो ओढणीला पुसला, पंख्याखाली वाळवला आणि सणासाठी गावी निघून गेली. शुक्रवारी तो लावला तर कॉम्प्युटरनं त्याची दखलही घेतली नाही.

शनिवारी चेअरमननी पलूसहून एक दुरुस्तीवाला आणवला. त्यानं पाच मिनिटं खटपट केली आणि हात झाडले. “डिस्क गेलीया. फॉरमॅट मारतो, समदं नवं टाकतो. जुनं इसरा आता.”

“न्हाई,” समीक्षा म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. “दादा, फॉरमॅट केलं तर असंल ते बी जाईल. मला उद्याचा दिवस द्या. साताऱ्याला माझ्या सरांच्याकडं न्हेते.”

इंद्रजितदादा माणूस वाईट नव्हते, पण सोमवारी बारा संचालकांपुढं उभं त्यांना राहायचं होतं. “ने,” ते म्हणाले. “सोमवारी पाचपतोर उघडलं, तर तुझ्या कायमच्या पत्रावर मी हसत सही करतो. न्हाई उघडलं, तर मी त्यांस्नी काय सांगू, तूच सांग. अण्णांची वही एकेचाळीस वर्सांत कवा उघडली न्हाई असं झालं न्हाई.”

ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

दिग्विजय सरांना तिनं फोन केला. लांबून जोडून बघतो म्हणाले असते, पण रस्त्याच्या खोदाईत केबल तुटून गावाचं नेट चार दिवस बंद पडलेलं. “उद्या रविवार, क्लासला सुट्टी,” सर म्हणाले. “पण तू ये. मी येऊन उघडतो. आणि वाटेत त्याला धक्का लागू देऊ नको.”

कोपऱ्यात बसलेले केरबा अण्णा टोपी सारखी करत उठले. “मी बी येतो.”

का, हे त्यांनी सांगितलं नाही. समीक्षानं आपल्या मनानं ओळखलं. पोरीनं काय घोळ घातला, ते डोळ्यांनी बघून मीटिंगमध्ये सांगायला साक्षीदार नको का?

रविवारी सकाळी दोघं बसमध्ये बसली. कॉम्प्युटरची पेटी समीक्षानं आबांनी दिलेल्या घोंगड्यात गुंडाळली होती. ती पेटी अण्णांनी हट्टानं आपल्या मांडीवर घेतली होती. कंडक्टरनं एकदा पोरीकडं बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडं आणि एकदा घोंगड्याकडं. “बाईमानूस अर्धं, म्हातारबा अर्धं. आन घोंगड्यात कोन हाय?”

“वही हाय,” अण्णा म्हणाले. “आजारी पडलीया.”

कंडक्टरला काही उमगलं नाही, पण त्यानं दोन अर्धी तिकिटं फाडली आणि पेटीकडं काणाडोळा केला.

कराडला गाडी बदलली. तिथं बाकावर बसून अण्णांनी फडकं सोडलं. त्यांच्या बायकोनं, सुलाबाईंनी, दोघांपुरत्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. समीक्षाला घास गिळवेना. एवढ्यात आबांचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा होता, कारण फोन लांबचा असला की मोठ्यानं बोलायचं असतं अशी त्यांची पक्की समजूत होती.

“घावलं का गं तुझं?”

“न्हाई आबा. सगळीकडं हुडकलं.”

“असं कर. मेंढरू हरवलं म्हनून रान पालथं घालू नगं. आदी कळपातच बघ. कुनी वरनं दुसरा रंग मारला की आपलंच मेंढरू आपल्याला वळखंना हुतं. रंगाकडं बघू नगं. तोंडाकडं बघ.”

“आबा, ही मेंढरं न्हवंत.”

“बरं बरं. जेवलीस का?”

फोन ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. कॉम्प्युटर म्हणजे काय हे ज्या माणसाला धड माहीत नाही, तो आटपाडीच्या माळावर उन्हात उभा राहून आपल्यासाठी उपाय शोधतोय, हे तिला सोसवेना. तेवढ्या भरात तिनं अण्णांना सगळं सांगून टाकलं. पेन ड्राइव्ह, परात, दूध, पंखा, सगळं. “अण्णा, माझीच चूक हाय. मी तो परातीत ठेवायला नको हुता. तुमी मीटिंगमधी सांगितलंत तरी मी न्हाई म्हननार न्हाई.”

अण्णा घास चावायचे थांबले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. म्हातारा हसत होता. “आगं, मग माझ्या पेनाला तरी बघायचं हुतंस! तवापास्नं शाई कमी आन दूधच जास्त गळतंय त्यातनं.” हसून झाल्यावर त्यांनी आपल्याकडची अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. “जेव. उपाशीपोटी काय उघडत नसतंय.”

ती जेवली. चटणी झणझणीत होती, आणि नाकाडोळ्यांतून पाणी यायला तेवढं निमित्त तिला पुरलं.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या त्या जुन्या जिन्यावर दिग्विजय सर किल्ली घेऊन उभेच होते. सुट्टीच्या दिवशी लेंग्यावर आलेले सर तिनं पहिल्यांदा पाहिले. त्यांनी घोंगडं सोडलं, पेटी टेबलावर घेतली, तारा जोडल्या. अण्णांना खुर्ची दिली. ते मांडीवर घोंगड्याची घडी घेऊन बसले.

सरांनी आधी डिस्क तपासली. वीसेक मिनिटं गेली. “डिस्कला काय झालेलं नाही,” ते म्हणाले. “ठणठणीत आहे. फॉरमॅट मारू दिलं नाहीस, शाबास.”

समीक्षाचा निम्मा जीव भांड्यात पडला. निम्मा अजून बाहेर होता, कारण डिस्क चांगली असेल तर हिशेब गेला कुठं?

सर आत शिरले. ‘चेअरमन फोटो’ उघडला, मिटला. ‘सिद्धू लग्नपत्रिका’ उघडली, मिटली. ‘॥ श्री ॥’वर आले.

“ते देवाचं हाय, सर,” समीक्षा म्हणाली.

“म्हणून उघडून बघितलं नाहीस?”

“नमस्कार केला.”

सरांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या मिशीत हसू आलं होतं, पण त्यांनी ते तिथंच अडवलं. “हे वजन बघ. देवाचे फोटो एवढे भरतात का गं?” असं म्हणून त्यांनी तो उघडला.

आत फोटो नव्हता. शेकड्यांनी बारीक फायली होत्या, एकाखाली एक, सॉफ्टवेअरनं आपल्या रीतीनं नावं दिलेल्या, ओळखीच्या, रोजच्या. समीक्षानं तोंडावर हात ठेवला. तिचंच मेंढरू होतं. कळपात मधोमध उभं होतं, आणि वरचा रंग बघून तिनंच त्याला हात जोडले होते.

“ह्याचं नाव कुणी बदललं?” सर म्हणाले. “सॉफ्टवेअर आकडा शोधतंय, त्याला तो दिसत नाही, म्हणून यादी कोरी. कुणी लिहिलं हे?”

“मी लिवलंय की,” मागून आवाज आला.

दोघं वळली. केरबा अण्णा खुर्चीत पुढं सरकून पडद्याकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारा आनंद होता. “बरूबर उमटलंय न्हवं? श्री लगीच आला, पर त्या उभ्या रेघा काय घावंनात. पाऊण तास गेला नुसत्या रेघा हुडकन्यात.”

सर तोंड उघडणार तोच समीक्षानं त्यांच्या बाहीला हात लावला. ती अण्णांच्या खुर्चीजवळ जाऊन खाली बसली. आता तिला सगळं लख्ख दिसत होतं. आठ दिवसांपूर्वी अण्णांनी विचारलं होतं, “हितलं नाव कसं बदलत्यात गं? आन मराठी कसं उमटतंय?” नातवाच्या फोटोला नाव द्यायचं असेल, असं समजून तिनं दोन दिवस त्यांचा हात धरून शिकवलं होतं. खंडेनवमीला ती गावी निघाली तेव्हा अण्णाच म्हणाले होते, तू जा, मी कुलूप लावतो.

“अण्णा,” ती हळू म्हणाली, “त्या फोल्डरचं नाव बदललं की सॉफ्टवेअरला वही घावत न्हाई.”

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग आनंद चेहऱ्यावरून उतरला आणि त्यांनी टोपी काढली. “म्हंजी… मी बंद पाडली?”

तिनं घोंगड्याची घडी त्यांच्या मांडीवर सारखी केली.

“मी लागलो तवा,” अण्णा टोपीकडं बघत म्हणाले, “माझ्या आदी गुंडातात्या वही लिवायचे. त्यांनी माझ्या पैल्या वहीच्या पैल्या पानावर सोताच्या हातानं श्री लिवला, आन मग पेन माझ्या हातात दिलं. जानाऱ्यानं येनाऱ्याच्या वहीवर श्री लिवायचा, हीच रीत हाय आमची. मला काय, सोमवारी उठून नुसतं घरी जायाचं? तुझ्या वहीला पान न्हाई, पुठ्ठा न्हाई, नाव बी न्हाई. म्हनलं, निदान त्या आकड्याच्या जागी तरी…”

समीक्षा त्या म्हाताऱ्याकडं बघत राहिली. दोन वर्षं तिला वाटत होतं की हा माणूस आपल्यावर रुसलाय, आपण त्याची वही हिसकावून घेतली म्हणून. बसमध्ये वाटलं होतं, साक्षीला चाललाय. आणि त्यानं कुणाला न सांगता पाऊण तास दोन रेघा शोधल्या होत्या, तिच्या वहीला आशीर्वाद द्यायचा राहू नये म्हणून. तिच्या घरात आजवर कुणी वही उघडली नव्हती, मग तिच्या वहीवर श्री कोण लिहिणार? तिच्या मनात काय आलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. तिनं वाकून अण्णांच्या पायांना हात लावला, एवढंच.

दिग्विजय सर तोवर पाठ फिरवून खिडकीतून अजिंक्यतारा बघत होते, जणू तो त्यांना आजच दिसत होता. मग ते खाकरले, खुर्चीत बसले आणि फोल्डरला पुन्हा १०००१ नाव दिलं. सॉफ्टवेअर सुरू केलं. यादीत एक ओळ आली. ‘जानाई सहकारी दूध उत्पादक संस्था.’ सरांनी ती निवडली, आणि एप्रिलपासूनचा कारभार, एकेक तारीख, जसा ठेवला होता तसा समोर आला.

समीक्षा रडली. लपवाछपवी न करता, चांगली हुंदके देऊन रडली. सरांनी चहा मागवला, एका नव्या पेन ड्राइव्हवर सगळा हिशेब उतरवून दिला आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. “फी एकच,” ते म्हणाले. “हा पेन ड्राइव्ह घरच्या डब्यात ठेवायचा. परातीत नाही.”

परतीच्या बसमध्ये अण्णांनी पेटी पुन्हा मांडीवर घेतली होती. उंब्रजच्या पुढं आल्यावर घोंगड्यावरून हात फिरवत म्हणाले, “तेवढा श्री मातुर पुसला गेला.”

समीक्षा हातातल्या तिकिटाच्या माथ्यावर छापलेलं एसटीचं नाव निरखत होती. ती विचारात होती.

सोमवारी पाच वाजता बारा संचालक सतरंजीवर बसले. बाहेर मोठ्या पातेल्यात मसाल्याचं दूध आटत होतं आणि जायफळाचा वास आत येत होता. चेअरमननी विचारलं, “उघडलं?”

“उघडलं, दादा,” समीक्षा म्हणाली. “एक फोल्डरचं नाव बदललं गेलं हुतं.”

“कुनाकडनं?”

तिनं अण्णांकडं पाहिलं नाही. त्यांच्यासाठी आणलेला फेटा आणि नारळ टेबलावर ठेवला होता. एकेचाळीस वर्षांचा शेवट या चुकीवर व्हावा, हे तिला मान्य नव्हतं. “माझ्याकडनं,” ती म्हणाली.

हे बोलताना आपण काय पणाला लावतोय, हे तिला पुरतं ठाऊक होतं. एक संचालक शेजारच्याच्या कानाला लागला. दुसऱ्यानं पत्राचा कागद जरा लांब सरकवला.

“खोटं बोलतीया!” केरबा अण्णा उभे राहिले होते. “साफ खोटं. नाव मी बदललं. श्री लिवला मी तिच्या वहीवर, तिला न सांगता. चूक माझी. ह्या पोरीनं फॉरमॅट मारू दिलं न्हाई, सुट्टीच्या दिशी घोंगड्यात गुंडाळून वही साताऱ्याला न्हेली आन जित्ती परत आनली. माझी वही कवा उघडली न्हाई असं झालं न्हाई म्हनता व्हय, दादा? एकेचाळीस वर्सांत बंद पडली ती माझ्याच हातनं, आन उघडली तिच्या.”

समीक्षाला राहवलं नाही. “पर माझी बी एक चूक हाय. जादाचा हिशेब पेन ड्राइव्हवर हुता. तो मी परातीत ठेवला, आन दुधात भिजला.”

“आन दूध कुनी वतलं?” सिद्धूनं दारातून विचारलं.

बाराच्या बारा माना चेअरमनकडं वळल्या. इंद्रजितदादांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांना हसू आवरेना, आणि ते हसले तसे सगळेच हसले. हसता हसताच त्यांनी सरकवलेला कागद ओढून घेतला आणि खाली झोकात सही केली. “पुढल्या वर्सी दूध चमच्यानं,” ते म्हणाले. “घे बाई. आता तुझी सही कर.”

पण समीक्षा आधी अण्णांकडं गेली. तिच्या हातात सकाळीच छापलेली एक दुधाची पावती होती, अण्णांच्याच म्हशीची. फोल्डरला आकडाच लागतो, पण सॉफ्टवेअरमध्ये संस्थेच्या नावाच्या वर एक जागा रिकामी होती, आणि तिथं काय लिहावं याला सॉफ्टवेअरची काही हरकत नव्हती. पावतीच्या माथ्यावर मधोमध उमटलं होतं: ॥ श्री ॥

“आता हे हरेक पावतीवर येनार, अण्णा. गावातल्या घरोघरी जानार. तुमी लिवलेला पुसला न्हाई मी. जागा बदलली फकस्त.” तिनं पावती त्यांच्या हातात ठेवली. “माझ्या वहीवर कुनी श्री लिवंल, असं मला कवाच वाटलं न्हवतं.”

अण्णांनी पावती चष्म्याजवळ नेली. एका बोटानं आधी डावीकडच्या दोन रेघा चाचपल्या, मग उजवीकडच्या. चारी होत्या. त्यांनी पावती कपाळाला लावली, घडी घालून खिशात ठेवली आणि त्याच खिशातलं जुनं पेन काढून तिच्या हातात दिलं.

समीक्षा कागदावर वाकली. सगळे बघत होते.

“जरा झटकून लिव, पोरी,” अण्णा म्हणाले. “अजून दूध हाय त्यात.”